बोडणातली साखर

"काय हवं?" शैलाकाकूने विचारलं.

"दूध," मी म्हटलं.

"मग?"

"दही. मग तूप. मग मध. मग साखर."

"आणि पुरे कधी म्हणायचं?"

"तू भुवया वर केल्यास की."

"शहाणी ती." काकूने माझी वेणी इतकी घट्ट ओढली की डोळ्यांच्या कडा कानांकडे गेल्या. "हलू नकोस. गजरा माळायचाय अजून."

मी हलले नाही. हलू नकोस म्हटलं की न हलणं मला फार चांगलं जमायचं. गजऱ्यावर पाणी मारलेलं होतं. ते मानेवरून पाठीत उतरायला लागलं, तरी मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसून राहिले. पाणी पुसू का असं विचारायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. चारुताने कधी विचारलेलं मी पाहिलं नव्हतं.

रत्नागिरीला काकांच्या बंगल्यात त्या दिवशी बोडण होतं. मी नऊ वर्षांची होते. माझ्या चुलतभावाचं, हृषीदादाचं, नुकतंच लग्न झालं होतं, आणि आमच्या घराण्यात नवी सून आली की बोडण भरतात. ज्यांच्याकडे हे नसतं त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या परातीत अन्नपूर्णेची मूर्ती ठेवायची. तिच्याभोवती पुरणावरणाचा नैवेद्य वाढायचा. चार सवाष्णी आणि एक कुमारिका, अशा पाचजणींनी परातीभोवती बसायचं आणि ते सगळं हाताने एकत्र कालवायचं. कालवताना कुमारिकेला विचारायचं, काय हवं? ती मागेल ते परातीत ओतायचं. ती पुरे म्हणेपर्यंत थांबायचं नाही, कारण तेवढा वेळ तीच देवी असते आणि तिचा शब्द कोणी मोडायचा नसतो. पुरुषांनी हे बघायचं नाही, म्हणून दार लावून घ्यायचं.

देवीने काय मागायचं ते तिला आधी पढवून ठेवावं लागतं, यात कोणाला काही विनोदी वाटत नव्हतं. मलाही नाही. उलट मला बरं वाटलं होतं. जिथे उत्तरं आधी सांगतात ती जागा मला आवडायची.

खरं तर कुमारिका म्हणून दर वेळी चारुताच बसायची. चारुता म्हणजे काकूची धाकटी मुलगी, माझ्याहून वर्षाने मोठी. त्या आठवड्यात तिला कांजिण्या आल्या आणि ती वरच्या खोलीत कडुनिंबाच्या पाल्यावर पडून राहिली. घरातली दुसरी कुमारिका मी. काकूचा प्रश्न सुटला, आणि माझा सुरू झाला.

कारण मी चारुताकडे बघून जगत होते. पाहुणे आले की ती काय करते ते मी आधी बघायची आणि मग तेच करायची. ती हसताना तोंडावर हात ठेवायची. तो हात आणि ते हसणं मी न्हाणीघरात दार लावून बसवलं होतं. कोणी "कशी आहेस?" विचारलं तर "मजेत" म्हणून मान जराशी कलती करायची, हेही तिचंच. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघावं म्हणतात, ते मला होत नसे. म्हणून मी दोन भुवयांच्या मधे बघायची. कोणाला फरक कळायचा नाही. पाहुण्यांना वाटे, दोघी बहिणींचं काय गूळपीठ आहे. मला चारुता तशी फार आवडायचीही नाही.

आणि आज ती वर होती आणि मला एकटीला खाली बसायचं होतं.

त्यात तो चिकटपणा. हाताला काही चिकट लागलं की माझं काय होतं ते मला तेव्हा सांगता यायचं नाही. आज येतं. ते फक्त हाताला लागत नाही, ते दातांत शिरतं, कानांत शिरतं, आणि ते धुऊन निघेपर्यंत दुसरं काही ऐकूच येत नाही. न आवडणं वेगळं आणि न सोसणं वेगळं. हा फरक ज्यांना कळत नाही त्यांना समजावत बसायचं मी आता सोडून दिलं आहे. घरी आई मला आंबा फोडी करून काट्याने द्यायची आणि त्यावरून बोलणी खायची.

गजरा माळून झाल्यावर मी हात धुवायला मागे निघाले. मागच्या व्हरांड्यात आई आणि बाबा बोलत होते. मी दाराआड थांबले. मोठी माणसं बोलत असताना मधे जायचं नाही, असं मला सांगितलेलं होतं.

"तिला नाही हो जमायचं हे," आई म्हणत होती. "चिकट हाताला ती—"

"मग काय सांगू वहिनीला? माझ्या मुलीला दह्यादुधाची भीती वाटते म्हणून?"

"भीती नाही ती."

"सुनेत्रा, अगं सगळ्यांना ती गुणी दिसते. शाळेतल्या बाई काय म्हणाल्या? अशा दहा मुली असत्या तर वर्गाकडे बघावंच लागलं नसतं. डॉक्टरांनी सांगितलं, लाजरी आहे, मुली असतातच लाजऱ्या. तुला एकटीलाच काहीतरी दिसतं."

"शाळेतून आल्यावर तुम्ही तिला बघता कुठे? दप्तर टाकते आणि कपाटाच्या फटीत जाऊन बसते. मनगट चावते. बोलावलं तर ऐकू येत नाही तिला. तुम्ही घरी येईपर्यंत ती दमून निजलेली असते."

"शाळेत नीट असते आणि घरी बिघडते. मग कुठे चुकतंय ते तूच सांग."

हे वाक्य आईला आधीही ऐकवलेलं होतं. आजीने, काकूने, त्या डॉक्टरांनीही जरा गोड शब्दांत.

मग बाबांचा आवाज उतरला. "हे बघ, मला भांडायचं नाहीये. एक करू. आज ती शेवटपर्यंत नीट बसली, तर बुधवारचं पुणं रद्द करायचं. ते खूळ परत काढायचं नाही. आणि नाही बसली, तर मी स्वतः रजा टाकून तिला घेऊन जातो. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे. कबूल?"

व्हरांड्यातल्या दोरीवरचा पंचा वाऱ्याने फडफडत होता, तेवढाच आवाज.

"कबूल," ती म्हणाली.

मला त्यातलं पुणं कळलं नाही. मला कळलं ते एवढंच, की मी नीट बसले नाही तर आईला बोलणी बसणार. तिची चूक आहे असं सगळे म्हणणार. आणि आईची चूक नव्हती. आंबा काट्याने खाते मी, आणि बोलणी खाते ती, हे मला फार दिवस खुपत होतं. आज ते मला एकदाचं मिटवून टाकता येणार होतं. मी पावलं न वाजवता तिथून परत फिरले.

सराव करावा म्हणून मी कोठीच्या खोलीत गेले. बोडणाचं सगळं सामान तिथे ओळीने मांडून ठेवलं होतं. मी मधाच्या वाटीत एक बोट बुडवलं आणि बाहेर काढलं. ते बाकीच्या बोटांपासून लांब धरून मी उभी राहिले. कान गरम झाले.

"काय करतेस?"

तांदळाच्या पिंपामागे, स्टुलावर, माई आत्या बसली होती. बाबांची थोरली बहीण. घरात ती माणूसघाणी म्हणून प्रसिद्ध होती. लग्नकार्यात ती नेहमी कोठी सांभाळायची, म्हणजे पाहुण्यांत बसावं लागत नसे. वर्षानुवर्षं एकाच दुकानातली एकाच पोताची सुती पातळं नेसायची. ताटात वरणाचा ओघळ कोशिंबिरीला लागला तर कोशिंबीर टाकायची. तिच्या नवऱ्याचं कसं निभतं याचं सगळ्यांना नवल वाटायचं.

"सराव," मी म्हटलं.

तिने माझ्या बोटाकडे बघितलं. हसली नाही. तांब्यातल्या पाण्यात पदराचं टोक बुडवून तिने ते बोट चारी बाजूंनी नीट दाबून पुसलं, अगदी नखाच्या कडेपर्यंत. हळुवारपणे पुसलं असतं तर मला आणखी त्रास झाला असता. हे तिला कसं कळलं, याचं मला आश्चर्य वाटलं.

"आत्या, तुला चिकट चालतं?"

"नाही."

"मग तू पण बसणार आहेस ना बोडणाला?"

"दर वेळी बसते."

"कशी?"

आत्याने दाराकडे बघितलं. मग पातळ घोट्यापर्यंत उचललं आणि उजवं पाऊल पुढे केलं. "हा अंगठा शेजारच्या बोटावर चढवायचा. आणि दाबायचं. सगळं तिथे पाठवायचं. वर तोंडावर काही येऊ द्यायचं नाही. मांडी घातली की कोणाला दिसत नाही. हळदीकुंकवाला, लग्नात, कुठेही चालतं."

तिच्या अंगठ्याचं नख काळं होतं आणि शेजारचं बोट वाकडं झालं होतं.

"दुखतं?"

"दुखायलाच हवं. त्याशिवाय उपयोग नाही."

मी बसून करून बघितलं. खरंच, बोटातला मध जरा लांब गेला. मला एकदम हायसं वाटलं. इतके दिवस हे मला कोणी सांगितलं कसं नाही, असंही वाटलं.

"आत्या, सगळ्या बायका असंच करतात?"

तिने विचार केला. माई आत्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर विचार करूनच द्यायची, म्हणून लोक तिला शिष्ट म्हणायचे.

"मला तरी तसंच वाटत आलंय," ती म्हणाली.

तेवढ्यात बाहेरून काकूची हाक आली.

दार लागलं. कोणी डोकावू नये म्हणून खिडक्याही लावून घेतल्या. देवघरातल्या उदबत्तीचा धूर, गजऱ्यांचा वास आणि तुपाचा वास एकमेकांत मिसळून खोलीत दाटले. आम्ही परातीभोवती बसलो. माझ्या एका बाजूला माई आत्या, दुसऱ्या बाजूला नवी मानसीवहिनी, समोर शैलाकाकू आणि तिच्या शेजारी आई. मी मांडी घातली आणि परकर पावलांवरून नीट ओढून घेतला.

पाच उजवे हात परातीत गेले.

"काय हवं?" काकूने सुरात विचारलं.

"दूध."

दुधाने तसं काही झालं नाही. पुरण सैल झालं एवढंच. पण त्याखाली बोटं होती. कोणाची कोणती ते कळत नव्हतं, आणि ती माझ्या बोटांना लागत होती, सरकत होती, परत येत होती. मी अंगठा चढवला.

"काय हवं?"

"दही."

बांगड्या परातीच्या काठावर वाजायला लागल्या. वहिनीचा हिरवा चुडा होता, कोपरापर्यंत भरलेला, आणि तो सारखा वाजत होता. तिला गंमत वाटत होती. ती खुदकन हसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मऊ मऊ लागतंय ना?" चारुता असती तर हसली असती. मला तोंडावर हात ठेवून हसता येत नव्हतं, कारण हात परातीत होता. मी नुसती मान कलती केली. ते पुरलं.

"काय हवं?"

"तूप."

तूप कोमट होतं. ते मनगटाकडे चढलं. मी अंगठा दाबला, आणखी दाबला. पावलात कळ आली आणि मी त्या कळेला धरून राहिले. मानेवरचं गजऱ्याचं पाणी आता कमरेपर्यंत पोचलं होतं.

"अगं बघा," काकू म्हणाली, "कसं तेज आलंय पोरीच्या तोंडावर."

मी श्वास धरून ठेवला होता, तेच ते तेज. वहिनीने बघितलं आणि मान हलवली. माई आत्याने बघितलं नाही. तिचा चेहरा दगडी होता. तिच्या मांडीवर पातळाची घडी जिथे पावलावर येत होती तिथे ते कापड बारीक थरथरत होतं. तेवढं मलाच दिसत होतं.

आणि आई माझ्याकडे बघत होती. पहिल्यापासून एकटक. तिने परातीकडे एकदाही बघितलं नव्हतं.

आज मला कळतं, तेव्हा तिच्या मनात काय चाललं होतं. मी कोसळले तर पुणं. नाही कोसळले तर सगळं संपलं. मला ती यातलं काहीच सांगू शकत नव्हती, कारण मुलीला शिकवून तमाशा केला असं व्हायला नको होतं. माझी आई तिथे बसून माझ्या कोसळण्याची वाट बघत होती, आणि मी कोसळू नये म्हणून तिचा जीव तीळतीळ तुटतही होता. एका माणसाने एका वेळी या दोन्ही गोष्टी कशा सोसल्या असतील, हे मला आजही उमगत नाही.

"काय हवं?"

"मध," मी म्हटलं. माझा आवाज मला लांबून आला.

मध घट्ट होता. तो बोटांच्या बेचक्यांत बसला. हात वर घेतला की तार यायची, आणि ती तार परत मनगटावर पडायची. बांगड्या आता माझ्या डोक्याच्या आत वाजत होत्या. वहिनी काहीतरी बोलली, मला नुसते ओठ दिसले. पायातली कळ मी शोधत होते आणि ती सापडेनाशी झाली होती. आणखी थोडाच वेळ, मी स्वतःला सांगितलं. साखर, मग भुवया, मग पुरे.

काकूने तोंड उघडलं. "काय—"

"थांबा, वहिनी," आई म्हणाली. "मी विचारू?"

"विचार की."

आई पुढे वाकली. तिने सुरात विचारलं नाही. घरी, कपाटाच्या फटीसमोर जमिनीवर बसून ती माझ्याशी बोलायची, त्या आवाजात विचारलं.

"ऋजू, तुला काय हवंय?"

सगळ्यांचे हात थांबले. बांगड्याही थांबल्या.

"शिकवलेलं सांगू नकोस," आई म्हणाली. "तुला जे हवं असेल ते माग. काहीही. आत्ता तू मागशील त्याला कोणी नाही म्हणू शकत नाही. खरं ना, वहिनी?"

"हो, म्हणजे... देवीच ती आत्ता," काकू म्हणाली. तिला काही कळत नव्हतं. "पण सुनेत्रा, आता साखरच राहिलीय गं."

"तिला सांगू दे."

हात थांबले की ते जास्त वाईट लागतं. मध एका जागी बसतो आणि थंड व्हायला लागतो. मला काय हवं होतं ते मला इतकं स्पष्ट माहीत होतं की आयुष्यात परत क्वचितच तसं माहीत झालं असेल. मला पाणी हवं होतं. दार उघडायला हवं होतं. सगळ्यांची बोटं माझ्या बोटांपासून लांब जायला हवी होती. मला वेणी सोडून हवी होती. मला आईच्या जवळ, पण आईने मला न धरता, अंधारात बसायचं होतं. मला हात धुवायचेत, हे तीन शब्द अगदी दातांपर्यंत आले होते.

मी आईकडे बघितलं. भुवयांच्या मधे नाही, डोळ्यांत बघितलं. तिच्यासाठी म्हणून मुद्दाम बघितलं. ते डोळे मोठे झाले होते आणि भरत चालले होते, आणि मला ते वाचता आले नाहीत. मला वाटलं, ती घाबरली आहे. मी आता चुकणार, म्हणून घाबरली आहे. उत्तर तर सगळ्यांना ठाऊक आहे, मग ती विचारते आहे ते मी विसरले की काय हे बघायला.

दाराबाहेर बाबा खाकरले.

मी अंगठा दाबला. आत काहीतरी कटकन वाजलं आणि कळ परत सापडली.

"साखर," मी म्हटलं.

काकू मोकळी हसली. "बघ. देवीलाही तेच हवंय. उगाच तू बाई."

आई काही क्षण तशीच वाकलेली राहिली. मग तिने डाव्या हाताने साखरेची वाटी उचलली आणि परातीत ओतली. थोडी थोडी ओतायची असते. तिने सगळी एकदम ओतली. खडे माझ्या बोटांना टोचायला लागले, आणि मी कालवत राहिले, कालवत राहिले, काकूच्या भुवया वर जाईपर्यंत.

"पुरे," मी म्हटलं.

दार उघडलं तेव्हा बाबा तिथेच उभे होते. "झालं? कशी बसली?"

"अरे, चारुतापेक्षाही शांत," काकू म्हणाली. "चुळबूळ नाही, काही नाही. पुतळ्यासारखी. तुझी मुलगी आहे हो गुणाची."

बाबा वाईट माणूस नव्हते. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला तशीच, बरबटलेल्या हाताची, उचलून घेतली. त्यांच्या मुलीला काही झालेलं नव्हतं. कोणत्या बापाला आनंद होणार नाही? मी त्यांना उचलू दिलं. हात लांब धरून ठेवला. त्यांनी माझ्या खांद्यावरून आईकडे बघितलं आणि अगदी हळू, टोमणा न मारता म्हणाले, "बघितलंस?"

"बघितलं," आई म्हणाली.

मग तिने मला त्यांच्याकडून घेतलं आणि मागच्या नळावर नेलं. माझा हात तिने धुतला. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट. स्वच्छ झाला तरी ती धूतच राहिली. माझा श्वास हळूहळू परत आला. अंगठा सुजला होता आणि मी तो दुसऱ्या पावलाखाली लपवला होता.

"मी नीट बसले ना?" मी विचारलं.

"हो, बाळा. फार नीट बसलीस."

"मग आता तुला कोणी बोलणार नाही."

तिचा हात थांबला. नळ वाहत राहिला.

"तू रडतेस का?"

"धूर गेला डोळ्यांत," ती म्हणाली.

मी आजूबाजूला धूर शोधला. उदबत्तीचा धूर आत राहिला होता आणि चूल त्या बंगल्यात नव्हतीच. पण आई म्हणाली म्हणजे असेल, असं मला वाटलं.

बुधवारी आम्ही पुण्याला गेलो नाही. आईने शब्द पाळला. तो विषय तिने परत काढला नाही.

मी शिकले. चारुताच्या जागी दुसऱ्या मुली आल्या, त्यांच्याकडे बघून मी कॉलेजात वागायला शिकले आणि ऑफिसात वागायला शिकले. मीटिंगमध्ये टेबलाखाली अंगठा दाबत गेले. घरी येऊन अंधारात बसत गेले. सगळ्या बायका असंच करतात, हे मला माई आत्याने सांगितलेलं होतं, म्हणून तक्रार करावी असं कधी सुचलं नाही. मग एका वर्षी ऑफिसात कोणाच्या तरी वाढदिवसाला मैत्रिणींनी हसत हसत माझ्या तोंडाला केक फासला, आणि मी जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत जाऊन बसले ती दुसऱ्या दिवसापर्यंत कोणाशी बोलू शकले नाही. नोकरी सुटली. त्यानंतर कोणीतरी पुण्याच्या एका डॉक्टर बाईंचं नाव सुचवलं.

तोवर माई आत्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्या तेराव्याला जमलेले लोक म्हणत होते, स्वभावाने जरा विचित्र, पण मनाने वाईट नव्हती. याहून वेगळं काही तिच्याबद्दल कोणी कधी म्हटलं नाही. मला ते ऐकवेना आणि मी उठून कोठीच्या खोलीत जाऊन बसले.

डॉक्टर बाई माझ्याहून लहान होत्या. दोन-तीन भेटींनंतर त्या म्हणाल्या, लहानपणापासून पाहिलेलं कोणीतरी घेऊन या. मी आईला घेऊन गेले. ती आता काठी घेऊन चालते. खुर्चीत बसून तिने काठी गुडघ्यांमध्ये धरली आणि सगळं ऐकून घेतलं. ऑटिझम हा शब्द ऐकून ती दचकली नाही. तो शब्द तिने त्या बोडणाच्या आधीच कुठल्याशा पुरवणीत वाचला होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"मुलींच्या बाबतीत फार वेळा असंच होतं," डॉक्टर बाई समजावत होत्या. "त्या इतरांचं बघून बघून शिकतात, त्रास देत नाहीत, मार्क चांगले असतात. त्यामुळे कोणाच्या लक्षातच येत नाही. तुमच्या कधी काही लक्षात आलं होतं का?"

"आलं होतं," आई म्हणाली.

"मग तेव्हा कुठे दाखवलं नाहीत?"

"दाखवायचं ठरलं होतं. पण घरात कोणाला पटत नव्हतं." आईने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "एकदा मी हिलाच विचारलं. सगळ्यांच्या समोर. म्हटलं, हिनेच सांगितलं तर ऐकतील तरी. तुला काय हवं असेल ते माग, म्हटलं, कोणी नाही म्हणणार नाही."

डॉक्टर बाईंनी लिहायचं थांबवलं. "आणि काय मागितलं हिने?"

आई माझ्याकडे वळली. माझ्या चेहऱ्याकडे तिने बघितलंच नाही. खाली, टेबलाच्या पायाशी, चपलेत दाबून धरलेल्या माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"साखर," ती म्हणाली.